तळहातावरचं लोणी

बेकरीत तिला सगळे 'फ्रीज' म्हणायचे. जन्मतःच तिचे हात गार. शाळेत तिचा हात लागला की मैत्रिणी किंचाळायच्या. लग्न ठरल्यावर नवऱ्यानं पहिल्यांदा हात धरला, तर त्याला वाटलं ही घाबरलीय, म्हणून तो बिचारा बराच वेळ तिला धीर देत बसला. कॉलेजात अन्नशास्त्र शिकून ती बेकरीत नोकरी मागायला आली, तेव्हा पॅकिंगच्या मावशींनी तिला चहा दिला आणि बोटाला बोट लागताच कप सोडून दिला. "अगं बाई, ही मुलगी आहे की फ्रीज!" कप फुटला, नाव चिकटलं.

पण ज्या हातांनी जन्मभर लोकांना दचकवलं, तेच इथं सोन्याचे निघाले. बेकरीच्या मागच्या अंगाला एक थंड खोली होती आणि तिच्यात भिंतीला लागून पांढऱ्या दगडाची लांबरुंद लादी. पापुद्र्यांच्या पेस्ट्रीचं पीठ तिथं तयार व्हायचं. पिठाच्या पोळीत लोण्याची चपटी वडी गुंडाळायची, लाटायची, घडी घालायची, थोडी विसावू द्यायची, पुन्हा लाटायचं, पुन्हा घडी. लोणी आणि पीठ शेजाऱ्यांसारखं राहिलं पाहिजे, एकमेकांच्या घरात घुसायचं नाही. मग भट्टीत त्याचे असे पदर सुटतात की फुंकर मारली तर उडतील. हाताची ऊब लागून लोणी विरघळलं की खेळ खलास. पदर नाहीत नि काही नाही, नुसता तेलकट पाव. म्हणून गरम हाताच्या माणसाला लादीपाशी उभंसुद्धा करत नसत.

लादी तिच्याकडे आली ती मात्र दुसऱ्या कुणाची गेली म्हणून. आधीचा लादीवाला मनगट मोडून सुट्टीवर गेला, तेवढ्यापुरती ही उभी राहिली. हिचे पदर बघून मालकीणबाईंनी तो परत आल्यावर त्याला बिस्किटांवर टाकलं. बिस्किटं कापत काही दिवस धुसफुसून तो सोडून गेला. जाताना तिला म्हणाला, "लादी कुणाची नसते बरं का, फ्रीज." तेव्हा ती मनातल्या मनात हसली होती. आता तिला दिवस गेले आणि ते वाक्य कानात डास शिरल्यासारखं गुणगुणायला लागलं.

कारण तिसरा महिना लागला आणि तिचे हात तापले.

बरं, कोमट वगैरे नाही. चक्क तव्यावरून उतरवल्यासारखे. रात्री अंगावर पांघरूण नको, खिडकी सताड उघडी हवी, आणि नवरा शेजारी रजई गळ्यापर्यंत ओढून कानटोपी घालून. "मी लग्न फ्रीजशी केलं होतं," तो रजईतून म्हणायचा, "आता शेगडीशेजारी झोपतो, तरी कुडकुडतो. तक्रार कुठं करायची?"

डॉक्टरीणबाईंना तिनं विचारलं. त्या म्हणाल्या, "अंगात रक्त वाढतंय, त्यात पोटात छोटी शेगडी पेटलीय असं समज. उकडणारच. कुणाकुणाला उलट थंडी वाजते, तेही चालतं. पाणी पीत जा."

"पण हात परत गार होतील ना?"

इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये डॉक्टरीणबाईंना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांनी चष्मा खाली घेऊन तिच्याकडे पाहिलं. "होतील की. बहुतेक."

त्या 'बहुतेक'वर ती घर येईपर्यंत विचार करत राहिली. स्वभावच तसा. आधी बाळाची काळजी करायची, मग काळजी केल्यानं बाळाला काय होईल याची काळजी करायची, आणि उरलेल्या वेळात लादीची.

बेकरी लहान, पण माणसं चारी दिशांची. प्रत्येकाची बोलायला सुरुवात 'आमच्याकडे'पासून. तिला दिवस गेल्याची बातमी फुटली आणि थंडी या विषयावर बेकरीत जी तोंडं सुटली, ती मिटायचं नावच घेईनात.

पहिले भट्टीवाले काका. ते उंच पठारावरचे, जिथं म्हणे सकाळी श्वास मिशीवरच गोठून बसतो. "आमच्याकडे," काका म्हणाले, "थंडी तळपायातून शिरते. पाय सांभाळले की बाळ सांभाळलं. आणि तू दिवसभर त्या गार फरशीवर उभी! पोरी, काय करतेयस काय?" दुसऱ्याच दिवशी काकूंनी विणलेले मेंढीच्या लोकरीचे, गुडघ्याच्या वर जाणारे मोजे हजर. काका स्वतः बाराही महिने स्वेटरात. डोक्याला टोपी आणि हातात भट्टीचे जाडजूड हातमोजे. धगधगत्या भट्टीपुढे हा माणूस स्वेटर घालून उभा कसा राहतो, हे कोडं बेकरीत सगळ्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं.

"पाय कसले घेऊन बसलात!" पॅकिंगच्या मावशी म्हणाल्या. त्या समुद्राकाठच्या दमट गावच्या, जिथं दुकानात लोकरीचे कपडे मागितले तर दुकानदार ताप आलाय का विचारतो. "आमच्याकडे वारा कानात शिरतो नि मानेवरून खाली उतरतो. कान बांध आधी!" मावशींनी स्वतःच्या हातानं तिच्या डोक्याला असा रुमाल आवळला की पुढचं निम्मं बोलणं तिला ऐकूच आलं नाही.

तिसरी आयसिंगवाली. केकवर फुलं काढायची, वयानं हिच्याच बरोबरीची आणि मूळची बर्फाच्या मुलखातली. तिला हे सगळं ऐकून हसू आवरेना. "आमच्याकडे बाया पोटुशा असताना गार तळ्यात डुंबतात. आणि बाळं दुपारी अंगणात झोपवतात, भर हिवाळ्यात! गालांना काय रंग चढतो म्हणून सांगू."

"हां, म्हणूनच तू अशी," मावशी म्हणाल्या.

"अशी म्हणजे कशी?"

"माझ्या लेकीच्या लग्नात बिनबाह्यांचं घालून आलीस तशी. वऱ्हाडी जेवायचं सोडून तुझ्या दंडांकडे बघत होते. मीच आतून शाल आणून टाकली."

"आणि मी ती जेवणाआधी तुमच्या जावयाला दिली. तो बिचारा कुडकुडत होता, मावशी!"

या तिघांत उणीव राहिली होती ती आईनं भरून काढली. आईचा रोज सकाळी फोन. "पोटाला काय बांधतेस?" "काही नाही, आई." "काही नाही? मी तुझ्या वेळी लोकरीचा पट्टा बांधायचे. म्हणून तर तू अशी धडधाकट निघालीस." धडधाकट, आणि हात बर्फाचे, असं तिच्या ओठांवर आलं होतं, पण तिनं गिळलं. आठवड्याच्या आत पट्टा आला. पिवळा. आईचं मन मोडवलं नाही.

खरं सांगायचं तर तिला कुणाचंच मन मोडवलं नाही, आणि तिथंच सगळी पंचाईत झाली. "मला थंडी वाजतच नाही, उकडतंय" असं तोंडातून गेलं, तर पुढचा प्रश्न हातांवर येणार आणि लादी गेली. "हो, वाजते थंडी" म्हणावं, तर मालकीणबाई तिला प्रेमानं उचलून पॅकिंगच्या उबदार कोपऱ्यात मावशींशेजारी बसवणार, आणि लादी गेलीच. इकडे आड, तिकडे विहीर. म्हणून ती काहीच बोलेना. पायांत काकूंचे मोजे, पोटाला आईचा पट्टा, कानाला मावशींचा रुमाल, अशा थाटात ती थंड खोलीत शिरायची आणि दार लोटून घ्यायची. जगात तेवढीच एक जागा होती जिथं तिला जरा बरं वाटायचं. लादीखाली तिनं बर्फाचं पातेलं लपवून ठेवलं होतं. त्यात हात बुडवायचा, पुसायचा, एक घडी घालायची, परत बुडवायचा. लोकरीत गुंडाळलेली बाई बर्फात हात घालून उभी आहे, हे कुणी पाहिलं असतं तर सरळ डॉक्टरांना फोन केला असता, तोही वेगळ्या डॉक्टरांना.

आणि तरी लोण्यानं दगा दिलाच.

एका सकाळी काकांनी भट्टीतून ताट ओढलं आणि नुसतेच बघत राहिले. पेस्ट्र्या फुगल्याच नव्हत्या. बसक्या, जड, आणि ताटभर वितळलेल्या लोण्याचं तळं. धूर आतपर्यंत आला. मालकीणबाई गल्ला सोडून धावत आल्या.

"भट्टी जरा कमी तापली असेल," काका म्हणाले.

ती दचकली. काकांची भट्टी कधी कमी तापत नाही, हे बेकरीतल्या मांजरालाही माहीत होतं.

"छे, लोण्यात खोट आहे," मालकीणबाई म्हणाल्या आणि लोणीवाल्याला फोनवर असं झापलं की त्यानं दुपारीच दुसरं लोणी पाठवलं. दोन दिवसांनी तेही तळं होऊन ताटात बसलं. आता लोणीवालाही निर्दोष सुटला. मालकीणबाई कमरेवर हात ठेवून थंड खोलीच्या दारात आल्या. ती तिथं उभी होती, घामानं डबडबलेली, चेहरा लाल, बोटं बर्फातून नुकतीच काढल्यामुळे थरथरत.

मालकीणबाईंचा चेहरा एकदम मऊ झाला. "अगं, तू तर थरथरतेयस!"

"नाही, ते..."

"हात आखडलेत थंडीनं. म्हणून घड्या बिघडतायत. आणि मी लोणीवाल्याला शिव्या घालत बसले! चूक माझी आहे. पोटुशी बाई आणि मी तिला इथं उभी केली."

"तरी मी सांगत होते," मागून मावशी.

"मोजे ओढून घे वर, घसरलेत," त्यांच्या मागून काका.

"उद्यापासून तू पॅकिंगला," मालकीणबाई म्हणाल्या. "खुर्ची देते. मागं उशी देते. लादीचं बघू, दुसरं कुणीतरी शोधते."

'दुसरं कुणीतरी' ऐकताच तिच्या कानातला तो डास पुन्हा गुणगुणला. डोळ्यांत पाणी आलं. ते बघून मावशींनी स्वतःची शाल काढून तिच्या खांद्यांवर घातली. आता तिच्या अंगावर एवढी लोकर होती की एखादी मेंढी तिला ओळखीची समजून जवळ आली असती.

तेवढ्यात आयसिंगवाली हातातली क्रीमची पिशवी घेऊन दारात आली. तिनं एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अहो, थंडी कुठली हिला? टोमॅटो झालाय तिचा! ही तापलीय, गारठली नाही. काढा ते सगळं!"

"झालं, सुरू झालं हिचं तळं," मावशी म्हणाल्या. "बाई थरथरते ती काय उकाड्यानं?"

"बघा ना मग. हातावर लोणी ठेवा. ज्याला थंडी वाजते त्याच्या हातावर लोणी टिकेल. साधी गोष्ट आहे."

"काही नको," ती घाईघाईनं म्हणाली. फारच घाईघाईनं. मालकीणबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं.

"का नको? होऊन जाऊ दे. सगळ्यांच्याच हातावर ठेवू."

पॅकिंगच्या टेबलाभोवती सगळे गोळा झाले. ती 'आलेच' म्हणून थंड खोलीत वळली आणि दोन्ही हात मनगटापर्यंत बर्फाच्या पातेल्यात खुपसून उभी राहिली. जेवढं सोसवलं तेवढं सोसलं. मग पुसून बाहेर आली. मालकीणबाईंनी लोण्याच्या वडीचे सारखे चौकोनी तुकडे केले आणि एकेकाच्या तळहातावर ठेवले. काका मात्र हात पुढे करेनात.

"मी कशाला? मी भट्टीवाला. माझ्या हातावर तर उकळेल."

"आमच्याकडे भित्र्या माणसाला काय म्हणतात माहितीये?" आयसिंगवाली म्हणाली. काकांनी कुरकुरत एका हाताचा मोजा काढला.

सुरुवातीला तिचा तुकडा शहाण्यासारखा बसला होता. मावशींचा कडेनं ओलसर झाला. मालकीणबाईंचा घसरायला लागला. तिचा जागच्या जागी. तिच्या मनात आशा डोकावली, ती मान जराशी ताठ करायला लागली, आणि तेवढ्यात बर्फानं पळवून लावलेलं रक्त परत आलं. नुसतं आलं नाही, पाहुणे घेऊन आलं. तळहात भाजल्यासारखा लाल झाला. तुकडा एकदा डगमगला, बसला, पसरला, आणि बोटांच्या फटींतून मनगटावर ओघळून काकूंच्या मोज्यावर टपकला.

 बाहेर गल्ल्यावर कुणी गिऱ्हाईक घंटी वाजवत होतं, तिकडं कुणी गेलं नाही.

"कधीपासून?" मालकीणबाईंनी विचारलं.

"तिसरा लागल्यापासून."

"आणि तू बोलली नाहीस."

"लादी जाईल म्हणून." एकदा बांध फुटला तो फुटलाच. "मला माहितीये ना ती कशी जाते. मीच घेतलीय ना ती कुणाची तरी. तेवढ्यापुरती म्हणून उभी राहिले होते."

मालकीणबाई टेबलाकडे बघायला लागल्या. मावशींना मात्र वेगळंच काहीतरी बोचलं होतं. "अगं पण एवढं उकडत होतं, तर आमचा रुमाल कशाला बांधून घेतलास, बये?"

"तुम्ही एवढ्या मायेनं बांधला होतात."

"मग सोडवून टाकायचास की मायेनं!" मावशी म्हणाल्या आणि तिच्या डोक्याचा रुमाल फर्रकन सोडला. गार वारा कानांना लागला. तिनं डोळेच मिटले.

"थांबा थांबा," आयसिंगवाली ओरडली. "हे बघा!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. काका जराशा ओशाळल्या चेहऱ्यानं उभे होते, आणि त्यांच्या उघड्या तळहातावर लोण्याचा तुकडा. चारही कोपरे शाबूत. सुरीनं आत्ता कापल्यासारखे.

मावशींनी काकांचा हात धरला आणि कप सोडला होता तसाच सोडला. "अगं बाई! हा तर फ्रीजचा बाप!"

"लहानपणापासून असंच आहे," काका पुटपुटले. "हात, पाय, नाक, सगळं गार. म्हणून तर भट्टी घेतली मी. नाहीतर कुणाला हौस आहे भाजून घ्यायची?"

म्हणजे इतके दिवस तिला मोजे घालायला लावणाऱ्या माणसाला थंडी वाजत होती ती त्याची स्वतःची. तिच्या मनात आलं, मावशी रुमाल बांधतात, कारण त्यांचे कान दुखतात. आयसिंगवाली तळ्यात ढकलते, कारण तिचाच जीव उकाड्यानं जातो. प्रत्येकानं आपापलं अंग तिच्या अंगावर चढवलं होतं. आणि आईचा पट्टा? आईचं पोट अजून दुखत असेल का कधी, आज विचारलं पाहिजे.

मालकीणबाई काकांच्या हाताकडे ज्या नजरेनं बघत होत्या ती काकांनी बरोबर ओळखली. ते एक पाऊल मागं सरकले.

"नाही हं. बाई, मी त्या शवागारात उभा राहणार नाही. मरेन मी तिथं."

"कोण मरतंय? हिला बसू द्या शेजारी. डोकं हिचं, हात तुमचे. ही बाळंत होऊन परत येईपर्यंत."

"आणि भट्टी?"

"भट्टी मी बघते. लग्नाआधी वडिलांच्या बेकरीत काय मी नुसती नटून बसत होते?"

"आणि मी परत आल्यावर?" तिनं विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"तू परत आल्यावर हात बघू," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून 'लादी तुझीच' असं काही निघालं नाही, आणि तिनं ते न निघालेलं बरोबर टिपून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी काका लादीपाशी उभे राहिले ते बघण्यासारखं होतं. तिच्या अंगावरची सगळी लोकर काकांच्या अंगावर गेली. काकूंनी विणलेले मोजे फिरून घरच्याच माणसाच्या पायांत आले. मावशींचा रुमाल कानांवर. आईचा पिवळा पट्टा त्यांच्या पोटाला पुरेना, म्हणून मावशींनी मागून सेफ्टी पिन लावली. शेजारी उलट्या क्रेटवर ती, बिनमोज्यांची, चपला काढून, तळपाय गार फरशीवर टेकवलेले, आणि चेहऱ्यावर असं सुख की बघणाऱ्यालाच लाज वाटावी.

"दाबू नका काका, लाटा. लोण्याला कळता कामा नये कुणी हात लावला ते."

"मला माझीच बोटं कळत नाहीयेत, लोण्याला काय कळणार?"

"कडा जुळवा. नाही, अशी नाही. घडी रुमालासारखी, वळकटीसारखी नको."

"सासू परवडली," काका म्हणाले. "फ्रीज, किती दिवस राहिलेत गं तुझे?"

हा प्रश्न ते रोज विचारायचे. आल्या आल्या विचारायचे, शिंकल्यावर विचारायचे. "आज काही वाटतंय का? कळ वगैरे? नाही? बघ नीट." असं बाळंतपणासाठी मागं लागलेलं माणूस तिच्या सासरमाहेरच्या कुणात नव्हतं. काकांचे पहिले पदर म्हणजे नुसता चिखल, आणि ती सुटकेचा श्वास सोडायची. मग तिलाच वाईट वाटायचं आणि ती दुप्पट मन लावून शिकवायची. शिकवलं की काका सुधारायचे आणि ती रात्रभर कूस बदलत राहायची. नवरा म्हणाला, "एक काहीतरी ठरव ना. त्यांना येऊ दे तरी, नाहीतर बिघडू दे तरी."

आठव्या महिन्यात एका सकाळी मालकीणबाईंनी भट्टीतून ताट काढलं आणि काही न बोलता ते थंड खोलीच्या दारात आणून धरलं. पेस्ट्र्या अशा फुलल्या होत्या की पदर न पदर मोजून घ्यावा. काका टोपी मागं सारून त्यांच्याकडे बघत राहिले. शिंकले नाहीत, कुरकुरले नाहीत, दिवस किती राहिले तेही विचारलं नाही. एका पेस्ट्रीच्या कडेला त्यांनी हळूच बोट लावलं. आपणही पहिल्यांदा असंच बघत राहिलो होतो, तिला आठवलं.

"छान झाल्यात," ती म्हणाली. खऱ्याच छान झाल्या होत्या.

बाळ आलं ते दुपारचं, भर उजेडात. मुलगी. दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेला बेकरी जवळजवळ बंद करूनच मंडळी दवाखान्यात आली. मावशी आल्या आल्या खिडकी लावायला धावल्या, आयसिंगवाली ती उघडायला. आई पाळण्यापाशी पिवळ्या लोकरीचं आणखी काहीतरी घेऊन बसली होती. काका सर्वांत मागं, रुमाल बांधलेले, नाक लाल झालेलं. बाळाकडे त्यांनी नुसती एक नजर टाकली आणि खिशातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं.

"हात," ते म्हणाले.

"अहो, बाळंतीण आहे ती!" मावशी म्हणाल्या.

"हात पुढं कर, पोरी."

तिनं केला. काकांनी कागद उलगडला आणि लोण्याचा तुकडा तिच्या तळहातावर ठेवला. सगळे पुढे सरकले. नवऱ्यालाही आता हे प्रकरण नीट माहीत होतं, तोसुद्धा वाकून बघायला लागला. तुकडा ओला झाला नाही. सरकला नाही. चारही कोपरे तसेच. तिला तेव्हाच कळलं की आपण कालपासून चादर गळ्यापर्यंत ओढून पडलो आहोत.

काका तुकड्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला आणि तो घडी घालून तिच्या उशाशी ठेवला. वळकटी नाही, रुमालासारखी घडी. "सुटलो," ते म्हणाले.

"महिनाभर यायची नाही हं ती," मालकीणबाई म्हणाल्या. "तोवर उभे राहा. मग लादी तिची."

"आणि शनिवारी तुमची," ती म्हणाली. हे आपण कधी ठरवलं, तिचं तिलाच कळलं नाही. "शनिवारी पिठं जास्त असतात, मला एकटीला झेपणार नाही."

"त्या शवागारात?" काका म्हणाले. "बघतो. काकूला विचारतो." पण त्यांचे कान लाल झाले होते, आणि ते लपवायला डोक्याला रुमालही उरला नव्हता.

तेवढ्यात बाळ कुरकुरलं. तिनं लोणी नवऱ्याच्या हातावर टाकलं, हात चादरीला पुसला आणि बाळाला उचलायला गेली. बोटं त्या इवल्याशा मानेखाली गेली मात्र, पोरीनं अशी किंकाळी फोडली की बाहेरची नर्स धावत आली.

"काय झालं? काय झालं हिला?" बाळंतिणीची पाचावर धारण बसली. "डॉक्टरांना बोलवा!"

"काही झालं नाही," आई हसत म्हणाली. "बर्फ लावलास तू तिला. तुझ्या नवऱ्यालाही लावला होतास, तोही अजून विसरला नाही."

"द्या इकडं," काका पुढे झाले आणि त्यांनी एक बोट बाळाच्या गालाला लावलं. किंकाळी दुप्पट झाली.

"बाजूला व्हा दोघं!" मावशींनी आपल्या लोणी वितळवणाऱ्या, ऊबदार, जाडजूड हातांनी बाळाला उचललं आणि ते क्षणात चूप झालं. "लादीवाले कुठले!"

मग ती पलंगाच्या कडेला बसली, काका शेजारच्या स्टुलावर. दोघांनी दोन्ही हात काखेत खुपसले आणि नंबर लागायची वाट बघत बसले.

"काका," थोड्या वेळानं ती हळूच म्हणाली, "तिच्या पायांत मोजे नाहीत. थंडी तळपायातून शिरते ना हो?"